स्वस्त माल आणि स्वस्त माणूस



धम्मदीक्षा घेऊन बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या म्हणजे माणसाचे देव बदलतात, सण बदलतात, लग्नविधी बदलतो. परंतु बाजार बदलत नाही. पगार हाती आला की तेल, तूरडाळ, तांदूळ, साबण आणि मुलांच्या वह्या घ्याव्याच लागतात. अलीकडे आपल्या वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे ही खरेदी गल्लीतील वाण्याकडे न करता हमरस्त्यावरील मोठ्या दुकानात करतात. एकाच मालकाची, शेकडो गावी एकाच पाटीखाली चालणारी, घाऊकीने माल घेऊन छापील किमतीहून कमी दराने विकणारी अशी ही साखळी दुकाने होत. लोक त्यांना सरसकट 'मॉल' म्हणतात.

या दुकानांविषयी आपली भूमिका काय असावी, हा प्रश्न वस्तीतील बैठकांत मला वारंवार विचारला जातो. कोणी म्हणतो, ही दुकाने गरिबांची कैवारी आहेत, कारण तेथे चार पैसे वाचतात. कोणी म्हणतो, ही दुकाने गावचा रोजगार गिळतात, यास्तव त्यांवर बहिष्कार घाला. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण दोघेही केवळ विकत घेणाऱ्याकडे आणि विकणाऱ्या मालकाकडे पाहतात. त्या दोघांच्या मध्ये गल्ल्यापाशी जो तिसरा माणूस उभा असतो त्याचा विचार कोणीच करीत नाही. तो तिसरा माणूस बहुधा आपल्याच घरातला असतो. म्हणून हा प्रश्न येथे मांडीत आहे.

दुकानाची पायरी

प्रथम गावच्या दुकानाविषयी बोलू. साखळी दुकानांविरुद्ध लिहिणारे सुशिक्षित लोक गावच्या वाण्याचे चित्र फार गोड रंगवितात. तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, अडीअडचणीला उधार देतो, घरची विचारपूस करतो, असे ते सांगतात. त्यांच्या अनुभवात ते खरे असेल. आपल्या वाडवडिलांचा अनुभव निराळा आहे. त्यांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. पैसे जमिनीवर ठेवावे लागत, त्यांवर पाणी शिंपडून ते उचलले जात आणि मिठाची पुडी वरून टाकली जाई. ही केवळ इंग्रजी अमदानीतील गोष्ट आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 11 राज्यांतील 565 गावांच्या पाहणीचे निष्कर्ष दिले आहेत. ती पाहणी 2001-02 सालची होती, आणि तीत एक तृतीयांशाहून अधिक गावांत दलितांना दुकानात पाऊल टाकू देत नसत असे आढळून आले.

भारतीय संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले येथील प्रवेशाचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदविला आहे. तेथे 'दुकाने' हा शब्द सहज आलेला नाही. त्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा अपमान आहे. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हाही गुन्हा ठरविला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाला सडेतोड उत्तर दिले, आणि संकुचितपणा, अज्ञान व जातीयता यांचे आगर म्हणजे खेडे, असे आपले मत मांडले. गावाच्या अर्थव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या मंडळींनी हे भाषण पुन्हा वाचावे.

आता मोठ्या दुकानाकडे वळू. तेथे दारात कोणी जात विचारीत नाही. टोपली आपल्या हाती असते, माल आपण आपल्या हाताने उचलतो, भाव सर्वांना एकच असून तो छापलेला असतो. ज्या आजीने तरुणपणी पायरीखाली उभे राहून पदरात पुडी झेलली, ती आज नातवाचे बोट धरून डाळीचे पुडके स्वतः निवडते. ही गोष्ट मी क्षुल्लक मानीत नाही. जे आपणास 'स्थानिक दुकानदार जगवा' एवढेच सांगतात, त्यांना आपण विचारले पाहिजे की त्या स्थानिक दुकानदाराने आम्हांला कसे जगविले?

परंतु येथेच थांबलो तर आपली मोठी फसगत होईल. साखळी दुकानाने जात विचारणे सोडले ते समतेच्या प्रेमाने सोडलेले नाही. ज्या दुकानात दिवसाला हजारो माणसे येतात तेथे प्रत्येकाची जात पाहत बसणे परवडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. तेथील समता गिऱ्हाइकाची समता आहे. हाती रुपया असेल तोवरच ती टिकते. रुपया संपला की वाण्याची उधारीची वहीही तेथे नसते. ती वही म्हणजे व्याजाची बेडी होती हे खरे. तरी मजुरी थकलेल्या आठवड्यात चूल पेटविणारी तीच होती हेही खरे आहे. हे जमाखर्चाचे दोन्ही रकाने मांडल्यानंतर आपण गल्ल्याच्या पलीकडे पाहू.

गल्ल्याच्या पलीकडे

दोन वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी आपल्या आईसह माझ्याकडे आली. ती अशाच एका मोठ्या दुकानात काम करीत होती. कोणत्या, हे येथे सांगण्याचे कारण नाही. तिच्या गणवेशावर दुकानाचे नाव होते, ओळखपत्रावर दुकानाचे चिन्ह होते. परंतु पगारचिठ्ठीवर माणसे पुरविणाऱ्या ठेकेदाराचे नाव होते. चार वर्षांत ठेकेदार तीन वेळा बदलले आणि मुलगी मात्र त्याच गल्ल्यापाशी उभी राहिली. उभी, हा शब्द मी अक्षरशः वापरीत आहे, कारण बसावयास तिला स्टूलसुद्धा नव्हते. पायांना सूज येऊन ती आजारी पडली, आठ दिवस कामावर गेली नाही आणि नवव्या दिवशी तिला दारातून परत पाठविण्यात आले. दुकानाने सांगितले, ही आमची नोकर नाही. ठेकेदाराने सांगितले, ही आमच्याकडे अकराच महिने आहे. चार वर्षांची तिची सेवा या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत नाहीशी झाली.

तिचे कागद तपासताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गल्ल्यात तूट आली म्हणून एका महिन्यात तिच्या पगारातून चारशे रुपये कापले होते. तिची आई शेजारीच बसली होती. ती सहज म्हणाली की, आम्ही महिन्याचे सामान त्याच दुकानातून आणतो, दोन-अडीचशे रुपये वाचतात. मायलेकींपैकी कोणाच्याही मनात या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी आली नव्हती. आईच्या पिशवीत जे वाचत होते ते मुलीच्या पगारातून जात होते, आणि घर मात्र एकच होते. बंधूंनो, मला या लेखात जे सांगावयाचे आहे ते सर्व या एका हिशोबात आहे.

त्या प्रकरणाचा शेवट सुखाचा झाला असे मी सांगणार नाही. नोटिशीनंतर भविष्य निर्वाह निधीची काही थकलेली रक्कम जमा झाली. परंतु कामावर तिला परत घेतले नाही. तिच्यापाशी नेमणूकपत्र नव्हते आणि पगारचिठ्ठ्या अवघ्या तीन होत्या. न्यायालयात सत्याइतकीच पुराव्याला किंमत असते.

हा एखाददुसरा अपवाद आहे असे समजू नये. आपल्या राज्यात ज्या साखळीचे नाव घरोघरी झाले आहे त्या डी-मार्टचे पहिले दुकान 2002 साली पवई येथे उघडले. मार्च 2025 अखेर तिची दुकाने 415 झाली. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेणे, पुरवठादाराला लवकर पैसे देऊन त्याच्याकडून भाव उतरवून घेणे आणि दुकानात थाटमाट न करणे ही तिच्या स्वस्ताईची कारणे सांगितली जातात, आणि ती खरीही आहेत. परंतु कंपनीच्या वार्षिक अहवालांत कायम नोकरांच्या संख्येपेक्षा कंत्राटी माणसांची संख्या कित्येक पटींनी मोठी दिसते. यात बेकायदा काही आहे असे माझे म्हणणे नाही. स्वस्ताईचा पाया कोठे कोठे घातलेला असतो, एवढेच वाचकांनी पाहावे. हा सर्व धंद्याचाच परिपाठ झालेला आहे.

अमेरिकेतील साठ वर्षांची साक्ष

आपल्याकडे हा प्रकार नवा असला तरी अमेरिकेत तो जुना आहे, आणि त्याची परिणती काय होते याची साक्ष तेथे उपलब्ध आहे. आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या लहान गावी 1962 साली सॅम वॉल्टन यांनी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. आज जगभर सुमारे एकवीस लाख माणसे या कंपनीत काम करतात. आपला तिच्याशी संबंध दूरचा नाही. 2018 साली फ्लिपकार्टची सुमारे 77 टक्के मालकी तिने 16 अब्ज डॉलर देऊन विकत घेतली.

वॉलमार्टमुळे वस्तू स्वस्त झाल्या काय? होय, झाल्या, आणि त्याचा लाभ गरीब कुटुंबांना मिळाला. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या गावांतील रोजगाराचे काय झाले? डेव्हिड न्यूमार्क, जुनफू झांग आणि स्टीफन सिक्करेला या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की वॉलमार्टचे दुकान उघडल्यानंतर त्या परगण्यातील किरकोळ व्यापारातील रोजगार सरासरी 2.7 टक्क्यांनी घटतो. म्हणजे वॉलमार्टमध्ये एक माणूस लागतो तेव्हा इतर दुकानांतील सुमारे 1.4 माणसांचे काम जाते. जे काम उरते त्याची मजुरी केवढी? 2020 साली अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारी अन्नसाहाय्य आणि औषधोपचार-साहाय्य घेणारे कामकरी कोणाकडे काम करतात हे तपासले. त्या यादीत वॉलमार्टचे नाव अग्रभागी होते. मालकाने पोटापुरते दिले नाही, म्हणून उरलेले सरकारने दिले. म्हणजे स्वस्त मालाच्या किमतीचा काही हिस्सा कर भरणारी जनता दुसऱ्या वाटेने भरीत होती.

कामगारांनी संघटना केली तेव्हा काय घडले हे तर अधिक बोधप्रद आहे. टेक्सास राज्यातील जॅक्सनव्हिल येथे वॉलमार्टच्या मांसविभागातील कामगारांनी फेब्रुवारी 2000 मध्ये युनियनच्या बाजूने मतदान केले. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने सुमारे 180 दुकानांतील मांस कापण्याचे कामच बंद करून बांधीव पुडकी आणण्याचे जाहीर केले. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जाँकिएर येथील दुकानात 2004 साली युनियनला मान्यता मिळाली. 2005 च्या एप्रिलमध्ये ते दुकानच बंद झाले आणि सुमारे 190 माणसे घरी बसली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला. पण निकाल हाती येईतो नऊ वर्षे लोटली होती.

आणखी एक खटला आपण विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेटी ड्यूक्स या कृष्णवर्णीय स्त्री-कामगाराने 2001 साली वॉलमार्टवर दावा लावला. स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार आणि कमी बढत्या मिळतात, अशी तिची तक्रार होती. सुमारे पंधरा लाख स्त्रियांच्या वतीने तो दावा एकत्र चालवावा असा प्रयत्न झाला. 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ठरविले की या स्त्रियांच्या तक्रारींना जोडणारे समान सूत्र सिद्ध झालेले नाही, म्हणून त्या एकत्र चालविता येणार नाहीत. भेदभाव झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रत्येक दुकानातील वरिष्ठ आपल्या मर्जीने पगार व बढती ठरवितो, म्हणून सर्वांचा मिळून एक अन्याय दाखविता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

वाचकहो, हा 'मर्जी' शब्द आपल्या परिचयाचा आहे. जात लेखी हुकमाने चालत नाही, ती मर्जीने चालते. कोणाला गल्ल्यावर बसवावे आणि कोणाला गोदामात पोती उचलावयास पाठवावे, कोणाला पर्यवेक्षक करावे आणि कोणाच्या हाती झाडू द्यावा, हे मर्जीवर असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच शिक्षणाचे अर्ज खाजगी कंपन्यांकडे पाठविले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जाला उच्चवर्णीय आडनावापेक्षा कमी बोलावणी आली. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, आणि नव्याने दीक्षा घेणाऱ्यांनी त्याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. परंतु आरक्षणाची ती ढाल खाजगी दुकानाच्या दारापाशी संपते. तेथे ढाल एकच, ती म्हणजे संघटना.

स्वस्त मालाची साखळी दुकानापाशीच संपत नाही. 24 नोव्हेंबर 2012 रोजी ढाक्याजवळील ताझरीन या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या राखेत वॉलमार्टसाठी शिवलेले कपडे सापडले. कंपनीने सांगितले की एका पुरवठादाराने परवानगीवाचून तेथे काम दिले होते. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीला मिळालेले उत्तर आठवून पाहा. 'ती आमची नव्हे' हे वाक्य साता समुद्रांपलीकडेही तेच असते.

कायदा काय म्हणतो

बाबासाहेबांनी 1936 साली जो पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष असे होते. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर बंधन घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक मुंबई सरकारने आणले, तेव्हा त्याविरुद्ध 7 नोव्हेंबरला झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा पक्ष अग्रभागी होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 करणारे विधेयक 1946 साली त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ही आपली परंपरा आहे. जो फक्त जातीविषयी बोलतो आणि मजुरीविषयी बोलत नाही, त्याने बाबासाहेब अर्धेच वाचले आहेत.

आता आजची स्थिती पाहा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ही तत्त्वे घातली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास आणि कायदा लागू होण्याची कामगारसंख्या दहावरून वीस करण्यास मान्यता दिली. पहिल्या फेरबदलाचा भार मोठ्या दुकानातील कामगाराच्या पायांवर पडतो. दुसऱ्याने लहान दुकानातील मदतनीस उघड्यावर येतो. जे केवळ मोठ्या दुकानालाच शिव्या देतात त्यांनी हे ध्यानी घ्यावे की लहान दुकानात राबणाऱ्या पोऱ्याला आजवर कोणताच कायदा नीट भेटलेला नाही.

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांत कामगारास घेण्यासारखे काही आहे आणि गमावण्यासारखेही काही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले, ही मोठी गोष्ट आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तत्त्वही कायम राहिले आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर लावू नयेत, असेही कलम आहे. विक्री हे जर दुकानाचे मुख्य काम नसेल तर दुसरे कोणते? परंतु त्याच कलमाला पळवाटा जोडल्या आहेत, आणि कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासावर नेली आहे. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना आवश्यक झाली. 1938 सालचा वाद संपला आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तरतूद वाचावी.

गल्ल्यातील तुटीविषयीही कायदा मुका नाही. ती तूट त्या कामगाराच्याच हयगयीमुळे झाली असली पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही संविधानाच्या कलम 23 खालची वेठबिगारी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात दिला. वेठबिगार हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या अंगावर कोरलेला होता. तो झगमगत्या दिव्यांखालीही लागू पडतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आणि संघटनेने काय साधते ते केरळातील भगिनींनी दाखवून दिले आहे. कोझिकोडच्या कापड दुकानांत विक्री करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे, लघवीला जाण्याचीही सोय नसे. त्यांनी एकत्र येऊन बसण्याचा हक्क मागितला. लोक प्रथम हसले. 2018 साली केरळने आणि 2021 साली तमिळनाडूने तो हक्क कायद्यात लिहिला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला यात लाज असेल तर ती स्टूल न देणाऱ्यांची आहे, मागणाऱ्यांची नाही.

धम्माची कसोटी

भगवान बुद्धांनी व्यापाराचा निषेध केलेला नाही. अनाथपिंडिक हा श्रेष्ठीच होता. परंतु अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, आणि सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड असेल ते वाटून खावे आणि वेळच्या वेळी विश्रांती द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाच कलमे आजच्या कोणत्याही दुकानाच्या तपासणीला पुरेशी आहेत. जे दुकान आजारी मुलीला नवव्या दिवशी दारातून परत पाठविते ते या कसोटीत कोठे बसते, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग आपण करावे तरी काय? मी बहिष्काराचा उपदेश करीत नाही. ज्यांच्या घरी महिनाअखेर डबे रिकामे होतात त्यांना महाग माल घेण्याचा उपदेश करणे पोट भरलेल्यांना शोभते. स्वस्त मालावर गरिबाचा हक्क आहे. परंतु तो माल स्वस्त करण्यासाठी माणूस स्वस्त करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि ही गोष्ट गिऱ्हाईक म्हणून आपण उघडपणे बोलली पाहिजे. गल्ल्यावरची मुलगी उभी दिसली तर व्यवस्थापकाला विचारा, हिला स्टूल का नाही? आपल्यासारख्या पन्नास गिऱ्हाइकांनी एका आठवड्यात तोच प्रश्न विचारला तर त्याला उत्तर शोधावे लागेल.

ज्यांच्या घरची मुले अशा दुकानांत, गोदामांत किंवा घरपोच मालाच्या कामावर आहेत त्यांनी तीन गोष्टी आजच कराव्यात. नेमणूकपत्र मागून घ्यावे आणि प्रत्येक पगारचिठ्ठी जपून ठेवावी. भविष्य निर्वाह निधीत पैसे खरोखर जमा होतात की नाही हे दर महिन्याला आपल्या खात्यावर पाहावे. कामावर जाण्याची आणि सुटण्याची वेळ एका वहीत रोज लिहावी. ठेकेदार बदलला तर त्याचे नाव व तारीख त्याच वहीत टिपावी. वाण्याच्या वहीत आपले कर्ज लिहिलेले असे. ही वही आपल्या येण्याची आहे. तंटा उद्भवला तर वकिलाच्या फीला भिऊ नये. 1987 च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मिळकतीची अट न घालता मोफत कायदेसाहाय्याचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात त्याची कचेरी असते.

याहून मोठे काम म्हणजे एकत्र येणे. नोंदणीकृत युनियनला कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद पुरतात; मात्र ते सातांहून कमी असू नयेत. आपल्या विहारांत रविवारी वंदनेला पुष्कळ तरुण जमतात. त्यांत एकाच दुकानात काम करणारे सात जण सापडणे अवघड नाही. वंदना आटोपल्यावर अर्धा तास त्यांनी एकमेकांच्या पगारचिठ्ठ्या पाहाव्यात. त्या सातांत इतर जातींचे आणि इतर धर्मांचे कामगार आले तर त्यांना दार उघडे ठेवावे. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या सर्वांचेच पाय सारखे सुजतात.

आपल्या आजीला पायरीवर चढण्याचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब झगडले. तिची नात आता दुकानाच्या आत पोचली आहे. तिला तेथे बसावयास जागा मिळणे, आजारपणात काम टिकणे आणि महिन्याच्या शेवटी पूर्ण पगार हाती येणे, एवढे झाले म्हणजे त्या पायरीचा लढा पुरा झाला असे आपण म्हणू. तोवर खरेदीची यादी करताना पिशवीत काय वाचले याबरोबर घरात कोणाचे काय गेले, हाही हिशोब मांडीत चला.

जय भीम!